गाळण्यातलं लोखंड

"पण हे पाणी कुठलं?" सुमतीअक्कांनी विचारलं.

"इथलंच, अक्का. बस्तीच्या झऱ्याचं."

"सगळं?"

श्रेणिक बिरनाळेला प्रश्नच कळला नाही. त्यानं तीन वर्षांत चौदा बाटल्या भरून नेल्या होत्या आणि त्या चौदाही इथल्याच होत्या.

"हो, सगळं," तो म्हणाला आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

अक्कांनी कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. माघाची सकाळ होती. सड्यावरून, वरच्या कातळी पठारावरून, येणारा वारा अजून बोचत होता.

"नमुने तुमच्यादेखत घेतले, एवढंच लिहिलंय त्यात," श्रेणिक म्हणाला. "झरा बस्तीच्या आवारात, बस्ती तुमच्या ताब्यात. तुमची सही नसेल तर परवाच्या सुनावणीत माझा अहवाल कुणी हातात धरणार नाही."

"घेतलेस की. बघितलंय मी."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

"बघितलंय म्हणून तर सही होईना."

श्रेणिकला राग आला. आला तो आला, आणि लपवताही येईना.

पाणदरे हे गाव सड्याच्या पोटाशी वसलेलं. गावाच्या वरच्या अंगाला जैन मंदिर आहे, त्याला त्या भागात बस्ती म्हणतात. बस्तीच्या आवारात दगडी पन्हळ आहे. त्या पन्हळीतून बाराही महिने मनगटाएवढी धार पडते आणि ती खालच्या भातखाचरांना जाते. सुमतीअक्का चाळीस वर्षं या बस्तीत राहत होत्या. व्रतस्थ बाई. एकदाच जेवायच्या, पाणी स्वतः भरायच्या, स्वतः गाळायच्या. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी याच ओसरीवर मंत्र आणि पाढे शिकवले होते. श्रेणिक त्यातलाच.

आता तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लोखंडाचा माग काढायचा. राज्यात हे काम करणारे दोघंतिघंच आहेत आणि त्यांत आपण पहिले, हे तो समोरच्याचा चहा संपायच्या आत सांगून टाकत असे. खोटं नव्हतं ते. हुशार होता, कष्टाळू होता, आणि पैशाला विकला जाणारा तर मुळीच नव्हता. म्हणून तर जिल्ह्याच्या कचेरीनं या कामाला त्याला नेमलं होतं.

काम असं होतं. चार वर्षांपूर्वी सड्यावर लोखंडाच्या मातीची खाण सुरू झाली. टाकाऊ दगडमातीचा मोठा ढिगारा झऱ्याच्या बरोबर वरच्या बाजूला साठला. त्यानंतर पन्हळीचं पाणी तांबूस यायला लागलं आणि खालच्या खाचरांतलं उन्हाळी भात खुरटून बसायला लागलं. गाव म्हणे, हे ढिगाऱ्याचं पाणी. कंपनी म्हणे, हा डोंगरच तांबडा, इथलं पाणी असंच. ढिगाऱ्याचं ठरलं तर कंपनीनं तो उचलायचा आणि शेतांची भरपाई द्यायची. डोंगराचं ठरलं तर गावानं गप्प बसायचं.

आणि काय ठरलं, ते श्रेणिकच्या कागदात होतं.

"तू म्हणे लोखंडाला वळखतोस," अक्का म्हणाल्या.

"ओळखतो."

"कसा?"

त्याचा राग थोडा उतरला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

"सगळं लोखंड एकसारखं नसतं, अक्का. दिसतं एकच, गंजतंही सारखंच. पण त्याचे काही अणू जरा जड असतात, काही जरा हलके. त्यांना समस्थानिक म्हणतात. जड किती आणि हलके किती, हे प्रमाण हजारात एकदोनानं इकडंतिकडं होतं. डोळ्याला, जिभेला, कशालाच ते कळत नाही. आमच्या यंत्राला कळतं."

"इकडंतिकडं का होतं?"

"लोखंड कुठून कसं आलं, त्यावर. दगड सगळाच्या सगळा विरघळला, तर दगडात जे प्रमाण तेच पाण्यात येतं. ढिगाऱ्यात तसं होतं. पण जमिनीच्या पोटात, जिथं हवा पोचत नाही अशा चिखलात, डोळ्यांना न दिसणारे जीव लोखंड सोडवत असतात. ते हलकं आधी सोडवतात. तिथून आलेलं पाणी हलकं लोखंड घेऊन येतं."

"बारके जीव," अक्का म्हणाल्या. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं.

"हो."

"म्हणजे लोखंड आपण आलेली वाट सांगतंय."

"अगदी बरोबर!" त्याला खरंच आनंद झाला. पुण्यात विद्यार्थ्यांना हे समजवायला त्याला तास लागायचा. "आणि ते खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, कंपनी बोलेल, गाव बोलेल. लोखंड बोलत नाही."

"मग आमचं लोखंड काय म्हणतंय?"

"हलकं आहे. चौदा नमुने, चौदाही हलके. हे पाणी जमिनीचं आहे, अक्का. ढिगाऱ्याचं नाही."

अक्कांनी पन्हळीच्या धारेकडे पाहिलं.

"मलाही वाईट वाटलं," तो म्हणाला. "माझंच गाव आहे. पण म्हणून मी खोटं लिहू?"

"नको लिहू."

"मग सही करा."

...

आवाराच्या फाटकातून अनसूया आत आली. खालचं पहिलंच खाचर तिचं. तिच्या हातात भाताची दहाबारा रोपं होती, मुळासकट उपटलेली. तिनं ती ओसरीच्या पायरीवर ठेवली. पानांवर तांबूस ठिपके होते आणि मुळांना तांबडा लेप बसला होता. पांढरं मूळ एकही दिसत नव्हतं.

"अक्का, बगा. औंदाचाबी तरवा बसला," ती म्हणाली. मग तिला श्रेणिक दिसला आणि तिनं पदर सावरला. "सायेब, तुमीच न्हवं का पाणी तपासणारं? काय घावलं?"

श्रेणिकनं अक्कांकडे पाहिलं. अक्का रोपांकडे पाहत होत्या.

"परवा सगळ्यांसमोर सांगणारच आहे," तो म्हणाला. "पण विचारलंत तर सांगतो. दोष खाणीचा नाही. जमिनीचंच पाणी आहे."



"आसं व्हय," ती म्हणाली.

"पाण्याचा स्वभावच तो."

"चार वर्सांमागं न्हवता त्यो सभाव."

"माणसाच्या आठवणीचा भरवसा नसतो, वहिनी. यंत्र विसरत नाही."

शिकलेल्या माणसाशी वाद घालून आपणच तोंडघशी पडतो, हे तिला माहीत असावं. तिनं रोपं उचलली, उगाच त्यांच्या मुळांवरची माती बोटानं पुसली, आणि आली तशी निघाली. फाटकापाशी ती थांबली.

"मग म्होरल्या साली पेरू नको म्हणता?"

श्रेणिकचं यंत्र हे सांगत नसे. ती वाट पाहून निघून गेली.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

"माझं पाणी भरायचं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "आज कंबर धरलीया. तू भर. मग सहीचं बघू."

श्रेणिकनं सुटकेचा श्वास टाकला. एवढंच ना! त्यानं बाह्या वर केल्या, पितळी कळशी घेतली आणि पन्हळीखाली धरली. कळशी भरली. पाणी वरवर पाहता नितळच होतं. उन्हात धरलं की तेवढी तांबूस झाक दिसे. अक्कांनी दुहेरी घडीचं जाड पांढरं फडकं दुसऱ्या कळशीच्या तोंडावर पसरलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

हे त्याला शिकवायला नको होतं. त्याची आई रोज असंच पाणी गाळायची. त्यानं बेतानं पाणी ओतलं, फडकं मध्ये थोडं खाली दाबलं, धार तुटू दिली नाही. खालच्या कळशीत पाणी स्वच्छ उतरलं. फडक्याच्या मध्यावर तांबडा डाग राहिला, रुपयाएवढा.

काम झालं. त्यानं फडकं उचललं आणि बाजूच्या फरशीवर झटकलं.

"आं!" अक्का ओरडल्या.

इतक्या वर्षांत त्यानं अक्कांना ओरडताना ऐकलं नव्हतं. तो जागच्या जागी थिजला.

अक्का खाली बसल्या. कंबर धरली होती तरी बसल्या. त्यांनी गाळलेल्या पाण्यातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि फरशीवर जिथं तांबडे शिंतोडे उडाले होते तिथं ओतलं, हातानं ते पाणी हळूहळू लोटत पन्हळीखालच्या कुंडापर्यंत नेलं. मग फडकं उलटं केलं, त्यावर आणखी पाणी घातलं, आणि डाग धुऊन कुंडात सोडला. त्यांनी फडकं पिळलं नाही, तसंच निथळत धरलं.

ही रीत श्रेणिकला ठाऊक होती. गाळण्यात जे अडकतं ते टाकायचं नसतं, ज्या पाण्यातलं त्या पाण्यात परत सोडायचं असतं. त्यात बारीक जीव असतात, म्हणून. ओसरीवर अक्कांनीच शिकवलं होतं. पुण्याला गेला तसं सुटलं.

"चुकलो," तो म्हणाला. पण त्याला वाद घातल्याशिवाय राहवेना. "पण अक्का, तो नुसता गंज आहे. त्यात काही जीव नाही."

अक्का फडक्यातलं पाणी निथळू देत होत्या.

"जीव न्हाई म्हणून त्यो पाण्याचा न्हाई?"

...

श्रेणिक कुंडाशी वाकला.

फडक्यातून थेंब पडत होते. कुंडाच्या तळाशी तांबडं धुकं हळूहळू पसरत होतं.

त्याला आपले गाळणीचे कागद आठवले.

प्रयोगशाळेचा नियम होता की पाणी गाळून घ्यायचं, म्हणजे त्यात विरघळलेलं तेवढंच लोखंड मोजता येतं. त्यानं दर खेपेला इथंच, या पन्हळीपाशी, बारीक छिद्रांच्या कागदातून पाणी गाळलं होतं. बाटलीत नितळ पाणी उतरायचं आणि कागद तांबडा व्हायचा. कधीकधी इतका भरायचा की पाणी पुढे जाईना, मग तो वैतागून कागद बदलायचा. आणि जुना कागद, अक्कांच्या देखत, चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. वहीत त्यानं त्याचं नावसुद्धा लिहिलं होतं, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात. मळ.

"अक्का," तो म्हणाला. "झरा... इथंच फुटतो ना? पन्हळीच्या मागं?"

"इथं कुठला? इथं पन्हळ हाय."

"मग झरा?"

"गाभाऱ्याच्या पाठीमागं. कातळात. तिथनं पाट आलाय खालनं, फरशीखालनं."

"किती लांब?"

"बावीस हात."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू इचारलंस कधी?" अक्का म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "लहानपणी पन्हळीला तोंड लावून प्यालास. तुला वाटलं, पाणी हितंच जल्मलं."

त्या त्याला देवळाच्या मागं घेऊन गेल्या. एका फरशीला कडी होती. त्यानं जोर लावून फरशी उचलली. खाली हातभर रुंद पाट होता आणि त्याच्यावर वीतभर मोकळी जागा. पाणी हवेच्या संगतीनं वाहत होतं. अक्कांनी बाही मागे सारून पाटात हात घातला आणि तळाशी फिरवला. हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत तांबडा होता.

त्यांनी तो हात त्याच्यापुढे धरला.

श्रेणिक बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. मग बोलायला लागला, हळूहळू, पाठ म्हणून दाखवावा तसा. बोलत होता अक्कांशी, पण ऐकवत होता स्वतःला.

"जमिनीखालून लोखंड विरघळून येतं. त्याला हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो तळाशी बसतो. गंज होताना... जड लोखंड जास्त करून गंजात जातं. पाण्यात उरतं ते हलकं."

"मग?"

"मग ते पाणी मूळचं कसंही असो, दगडासारखं असो, चिखलासारखं असो... बावीस हात हवेतून आल्यावर ते हलकंच दिसणार."

"आणि जड?"

"हे तुमच्या हातावर आहे." तो थांबला. "आणि माझ्या कचऱ्याच्या पिशवीत होतं."

वारा पडला होता. बस्तीच्या शिखरावर एक पारवा घुमत होता.

"मी हे शिकवतो, अक्का," तो म्हणाला. "दर वर्षी, पहिल्याच महिन्यात, फळ्यावर आकृती काढून शिकवतो."

अक्कांनी हात पाटातच धुतला.

श्रेणिक फरशीच्या कडेला बसला होता. एकाएकी तो ताडकन उठला. चेहरा उजळला होता.

"म्हणजे खाणच! ढिगाऱ्याचंच पाणी आहे ते! वहिनी अजून वाटेतच असतील, मी आत्ता जाऊन..."

तो चार पावलं गेलासुद्धा.

"मोजलंस?" अक्कांनी मागून विचारलं.

तो थांबला.

"नाही. पण आता उघड आहे की..."

"मगाशी मोजून चुकलास. आता न मोजता चुकतोस व्हय?"

श्रेणिकचे खांदे उतरले. तो परत आला. अक्कांनी एक तांब्या त्याच्यापुढे ठेवला, गाळलेल्या पाण्याचा. त्यानं त्याला तोंड लावलं नाही.

"खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "गंज आणि पाणी दोन्ही मिळून मोजलं पाहिजे. झऱ्याच्या तोंडाशी, हवा लागायच्या आत घेतलं पाहिजे. ते दगडासारखं निघालं तर ढिगारा. हलकं निघालं तर जमीन. मी आधी म्हणालो तेच खरं निघायचंही शक्य आहे."

"किती दिस लागत्यात?"

"अडीच महिने. यंत्रावर पाळी लागावी लागते."

"आन् सुनावणी परवा."

"परवा."

तो आपल्या पिशवीकडे गेला. हातमोजे चढवले. अक्कांनी दाखवली ती शेवटची फरशी उचलली, जिथं कातळाच्या भेगेतून पाणी नुकतं बाहेर येत होतं. तिथं पाणी खरोखरच नितळ होतं, उन्हात धरलं तरी. त्यानं नळी भेगेत आत सारली, बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही, बूच लावलं. मग पन्हळीपाशी येऊन पुन्हा पाणी घेतलं, गाळलं, आणि तांबडा झालेला कागद चिमट्यानं उचलून स्वच्छ डबीत ठेवला. डबीवर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर काय लिहावं, याचा त्यानं थोडा वेळ विचार केला आणि मग लिहिलं, पाणदरे झरा.

अक्का सगळं बघत होत्या. त्यांनी एकदाही मान डोलावली नाही.

"आता हे 'सगळं' झालं का, अक्का?"

"मला यंत्रातलं काय कळतंय!" त्या म्हणाल्या.

दोघं ओसरीवर येऊन बसले. कागद तिथंच होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पेन ठेवलेलं. श्रेणिकनं कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. भाषा ठाम होती. कुठं 'बहुधा' नव्हतं, 'कदाचित' नव्हतं. या ठामपणाचा त्याला कालपर्यंत अभिमान होता. आता त्याला तो वाचवेना. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"यातलं छापून आलंय, अक्का. परदेशात लोकांनी वाचलंय. माझे विद्यार्थी हीच पद्धत वापरतात. ते सगळं मला परत घ्यावं लागेल."

अक्कांनी पदराला हात पुसले.

"परवा कंपनीचे लोक हसतील. म्हणतील, तीन वर्षं काय केलंत? गाव तर शिव्या घालेल. त्यांना वाटेल मी ऐन वेळी फिरलो, पैसे खाल्ले. दोन्हीकडून मार आहे."

अक्कांनी कळशीवर झाकण ठेवलं.

"त्या वहिनींना मी तोंडावर सांगितलं. यंत्र विसरत नाही म्हणालो..." त्यानं खिशातल्या कागदावर हात ठेवला. "त्यांनी पुढच्या साली पेरायचं की नाही, ते मला विचारलं."

"ऐकलं मी."

"काहीतरी बोला, अक्का. नाहीतर चुकलास म्हणून दोन शब्द सुनवा तरी."

"ते तू सुनवलंस की तुला."

पन्हळीची धार तेवढी पडत होती. ज्या माणसाला तासभर सलग बोलायची सवय, त्याला ती शांतता फार जड गेली.

"एक करता येईल," श्रेणिक म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "आजारी आहे असं कळवतो. सुनावणी पुढं जाईल. तोवर अडीच महिने निघतील, नमुने मोजून होतील, आणि मग खरं काय ते सांगेन. कुणाचं नुकसान नाही. माझंही..."

वाक्य अर्धंच राहिलं.

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. ओसरीवर पाढा चुकला की त्या अशाच पाहायच्या. पोरगं आपण होऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणेपर्यंत थांबायच्या.

श्रेणिकनं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"नाही," तो म्हणाला. "जायला हवं."

"व्हय."

"पण तिथं उभं राहून सांगू काय?"

"तुला ठाऊक काय हाय?"

त्याला खूप काही ठाऊक होतं. लोखंडाबद्दल त्याच्याइतकं ठाऊक असलेला माणूस या पाच जिल्ह्यांत नव्हता. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मिटलं.

"ठाऊक नाही," तो पुटपुटला.

"काय?"

"पाणी कुठलं ते... मला अजून ठाऊक नाही, अक्का."

अक्का दोन टप्प्यांत उठल्या. गाळलेल्या पाण्याची कळशी त्यांनी दुखऱ्या कमरेवरच घेतली, आणि आत जाता जाता म्हणाल्या,

"एवढ्या बारीक आवाजात नको. सुनावणीत बायका मागं बसत्यात."